युद्धकाळात निवाऱ्यातली तान्ही बाळं आणि लहान मुलं: आधी काय, नंतर काय

युद्धामुळे घर सोडून आलेल्यांसाठी शाळेत, तळघरात किंवा तंबूंत निवारा उभा राहिला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारात तीच खोकी येऊन पडतात: दूध पावडरचे डबे, बाटल्या, खोकल्याची औषधं, खेळणी. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण त्याच निवाऱ्यात सहा महिन्यांच्या आतली बाळं किती, असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, आणि पावडर कालवायला उकळलेलं पाणीही नसतं. विस्थापितांच्या गर्दीत पाच वर्षांखालच्या मुलांचे जीव मुख्यतः जुलाब, न्यूमोनिया, गोवर आणि कुपोषण यांनी जातात; मलेरियाचा भाग असेल तर मलेरियाही त्यात आला. यातलं बरंचसं टाळता येतं, पण कामं ठरावीक क्रमाने झाली तरच.

पुढचं सगळं निवारा चालवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी, परिचारिकांसाठी आणि मुलांसोबत आलेल्या पालकांसाठी आहे. डॉक्टर जवळ असेल तर उपचाराचा निर्णय त्याचाच. तो पोहोचेपर्यंतची आणि तो गेल्यानंतरची कामं मात्र तुमची.

## टप्पा १: पहिल्याच दिवशी यादी, आणि वय महिन्यांत

यादी म्हटली की लोकांना ते कारकुनी काम वाटतं आणि ते मागे पडतं. प्रत्यक्षात पुढचा प्रत्येक टप्पा या यादीवर चालतो. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि 'मुलं: ३' एवढं लिहून उपयोग नाही. प्रत्येक मुलाची स्वतंत्र ओळ हवी आणि वय महिन्यांत हवं, कारण ५ महिन्यांच्या आणि ७ महिन्यांच्या बाळाचं खाणं, लस, औषध सगळंच वेगळं असतं.

प्रत्येक मुलापुढे हे लिहा:

- जन्मतारीख, ती सांगता येत नसेल तर एखाद्या सणाच्या, पेरणीच्या किंवा सगळ्यांना आठवणाऱ्या घटनेच्या आधारे काढलेला महिना
- सोबत कोण आहे: आई, वडील, आजी, की कुणीच नाही
- बाळ काय पितं: फक्त अंगावरचं, अंगावरचं आणि वरचं, की फक्त वरचं
- गोवराची लस झाली आहे का, कार्ड आहे का
- सध्या जुलाब, ताप, खोकला, अंगावर पुरळ

गरोदर बायका आणि गेल्या महिन्याभरात बाळंत झालेल्या बायका यांची यादी वेगळी करा. बायका हे सगळ्यांसमोर सांगत नाहीत, म्हणून विचारायला बाईच पाठवा.

मग ओळखचिठ्ठी. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि एखाद्या नातेवाइकाचा फोन नंबर कापडाच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहून कपड्याच्या आतल्या बाजूला शिवून टाका. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात बारा वर्षांखालच्या मुलांना ओळखीचे बिल्ले किंवा तत्सम खूण असावी, असं कलमच आहे. ते काही हौसेने घातलेलं नाही. बाँबहल्ल्यानंतरच्या पळापळीत दोन वर्षांचं मूल स्वतःचं आडनाव सांगू शकत नाही.

सावध: चिठ्ठी बाहेरून दिसता कामा नये. मुलाला नावाने हाक मारता आली की अनोळखी माणूस सहज ओळखीचा होतो. यादीची वहीही एकाच जबाबदार व्यक्तीकडे, कुलपात.

एकटं सापडलेलं मूल 'सांभाळतो' म्हणून कुणाच्याही हवाली करू नका. ते कुठे, कधी, कुणाला सापडलं हे लिहून ठेवा आणि बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या अधिकृत यंत्रणेला कळवा.

## टप्पा २: पाणी, संडास, हात

दूध आणि औषधांच्या आधी हे. पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक संडास, हे आणीबाणीतल्या मदतकार्याचं सर्वमान्य मोजमाप आहे. सुरुवातीला इतकं जमत नाही. तेव्हा जे पाणी आहे त्यातलं पिण्याचं आधी वेगळं काढा, आणि त्यातूनही लहान मुलांचं आधी.

गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकणं ही नेहमीची चूक. मातीच क्लोरीन खाऊन टाकते. पाणी आधी निवळू द्या, दाट कापडातून गाळा, मग क्लोरीन घाला, अर्धा तास झाकून ठेवा आणि शेष क्लोरीन, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन, तपासा. ते लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम हवं. तपासणी टाकीपाशी करून थांबू नका, लोकांच्या भांड्यातही करा. टाकीत शुद्ध असलेलं पाणी उघड्या बादलीत हात घालून काढलं की पुन्हा नासतं. म्हणून अरुंद तोंडाची, झाकणाची भांडी द्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं.

बाळाच्या शीला 'घाण' न मानण्याची सवय फार पसरलेली आहे. लंगोट कोपऱ्यात खळबळायचा आणि त्याच हाताने दुसऱ्या मुलाला भरवायचं. बाळाच्या शीतूनही जुलाबाचे जंतू मोठ्यांच्या इतकेच पसरतात. ती संडासातच टाकायची. लंगोट धुण्याची जागा पाण्याच्या नळापासून लांब आखा आणि तिथे साबण बांधून ठेवा. बांधून, कारण मोकळा ठेवलेला साबण संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

तपासा: संडासाच्या दाराशी आणि स्वयंपाकाच्या जागी साबण व पाणी दोन्ही आत्ता आहे का? फलक लावलाय का, हा प्रश्नच नाही.

## टप्पा ३: अंगावरचं दूध आधी वाचवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आई दमलेली, घाबरलेली, अर्धपोटी. बाळ रडतं. ती स्तन दाबून बघते, थेंब येत नाही, आणि ती म्हणते, 'दूध आटलं.' शेजारची कुणी डबा आणून देते. दोन दिवस वरचं दूध दिलं की बाळ कमी चोखतं, कमी चोखल्याने दूध खरंच कमी होतं, आणि आईचा अंदाज खरा ठरतो.

भीतीने आणि ताणाने पान्हा फुटायला उशीर लागतो. दूध तयार होणं त्याने थांबत नाही. दाबून थेंब न येणं ही दूध नसल्याची खूण नव्हेच. बाळ चोखतं तेव्हा येणारं दूध आणि हाताने दाबून येणारं दूध यांत फार फरक असतो. आई कमी जेवलेली असली तरी बाळाला पुरेसं दूध बहुतेक वेळा येतं. त्याची झळ आईच्या शरीराला बसते, म्हणून जेवण आणि पाणी आईला द्यायचं.

करायचं ते असं:

१. आडोसा करा. चादर बांधलेला एक कोपरा, बसायला पाठ टेकता येईल अशी जागा, प्यायचं पाणी. पुरुषांची ये-जा बंद. पहिल्या दिवशीच.

२. आईला दर वेळी पाजायच्या आधी पाणी द्या. रेशनमध्ये तिचा वाटा जास्त ठेवा आणि तो तिच्याच हातात द्या.

३. बाळाला उघड्या छातीशी घेऊ द्या, वरून दोघांवर पांघरूण. मग पाजायला लावा. पान्हा याने लवकर येतो.

४. पकड बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, नुसतं बोंडच नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात. आईला दुखत असेल तर पकड चुकली आहे. करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

५. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं. रात्रीचं पाजणं सोडू नका.

दूध पुरतंय की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका. निवाऱ्यात बाळं आवाजाने, थंडीने, आईच्या ताणानेही रडतात. पहिला आठवडा उलटलेल्या बाळाला दिवसात सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

वरचं दूध सुरू होऊन काही दिवस किंवा आठवडे झाले असतील तरी अंगावरचं परत आणता येतं. बाळाला वारंवार चोखायला लावायचं. चोखत नसेल तर बारीक नळीचं एक टोक बोंडापाशी चिकटवून दुसरं दुधाच्या पेल्यात सोडायचं, म्हणजे चोखलं की काहीतरी मिळतं आणि बाळ टिकून राहतं. काही दिवसांत फरक दिसू लागतो, पूर्ण यायला काही आठवडे लागू शकतात. या आईपाशी रोज बसणारी एक अनुभवी बाई मिळाली, तर माझ्या मते दुधाच्या शंभर डब्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त.

सावध: सहा महिन्यांखालच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला वरून पाणी, साखरपाणी, चहा काहीही नको. उन्हाळ्यातही नको.

## टप्पा ४: ज्याला वरचं दूध लागतंच

अशी बाळं असतात. आई दगावली, ताटातूट झाली, आई फार आजारी आहे, किंवा आधीपासून बाळ फक्त वरच्या दुधावर आहे. त्यांना दूध मिळालंच पाहिजे, आणि तेही आईला अपराधी न वाटू देता. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे सगळ्यांना सरसकट डबे वाटणं, दुसरी म्हणजे अंगावरच्या दुधाच्या आग्रहापायी या बाळांना उपाशी ठेवणं.

क्रम असा. प्रत्येक बाळाची प्रशिक्षित व्यक्तीकडून स्वतंत्र चौकशी. गरज पटली तरच डबा. डबा द्यायला सुरुवात केली की बाळ किमान सहा महिन्यांचं होईपर्यंत पुरवठा अखंड हवा. मध्येच बंद पडणारा पुरवठा घातक. वाटप वेगळ्या जागी, इतर आयांच्या देखत नाही. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीबाबत १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. देणगी म्हणून डबे आणि बाटल्या मागू नयेत, आल्या तर सरसकट वाटू नयेत, ही शिस्त आपत्तीच्या काळातही लागू आहे. आलेली खोकी न फोडता पोषणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेच्या ताब्यात द्या.

दूध तयार करताना:

१. हात साबणाने धुवा. पेला, चमचा उकळत्या पाण्यात घालून काढा.

२. पाणी खळखळ उकळा आणि उतरवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत वापरा. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात असू शकणारे जंतू मरायला कालवण्याचं पाणी किमान ७० अंश सेल्सियस गरम लागतं. 'उकळून गार केलेलं' पाणी वापरणं ही इथली हमखास चूक.

३. आधी मापाचं पाणी, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट भरून पावडर. डबा पुरवायचा म्हणून पातळ करू नका. पोट भरल्यासारखं दिसतं आणि बाळ खंगत जातं. दाट केलं तरी अपाय होतो.

४. पेला बंद करून गार पाण्यात धरा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट आहे ना ते बघा.

५. वाटीने किंवा पेल्याने पाजा. बाळाला अर्धवट बसवा, पेल्याची कड खालच्या ओठाला टेकवा आणि दूध फक्त ओठापर्यंत आणा. बाळ जिभेने स्वतः ओढून घेतं. तोंडात ओतू नका, ठसका लागतो.

६. तयार केल्यापासून दोन तासांत न संपलेलं दूध फेकून द्या.

बाटली का नको, असं हटकून विचारतात. निवाऱ्यात बूच आणि बाटलीचा तळ नीट धुता येत नाही, एवढंच. पेला धुता येतो.

गोड घट्ट दूध आणि चहा-कॉफीत घालायची पावडर ही बाळाची दुधं नव्हेत, डब्यावर गायीचं चित्र असलं तरी.

सहा महिने पूर्ण झाले की दुधासोबत वरचं अन्न. शिजवलेलं धान्य, त्यात कडधान्य आणि तेल, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसातून २-३ वेळा, त्यापुढे ३-४ वेळा. मोठ्यांच्या पंगतीत बसवलं तर लहान मूल मागे पडतं. त्याची वाटी वेगळी वाढा आणि कुणीतरी शेजारी बसून भरवा. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही.

## टप्पा ५: गोवराची लस, वाट न बघता

कोंदट गर्दी आणि अशक्त मुलं असली की गोवर गवतातल्या वणव्यासारखा पसरतो. म्हणून पहिला रुग्ण दिसायच्या आधी लसीकरण. आणीबाणीत लस ६ महिन्यांपासून देतात, आणि साधारणपणे १५ वर्षांखालच्या सगळ्यांना. कार्ड हरवलं असेल तर 'कदाचित झाली असेल' म्हणून सोडायचं नाही. जास्तीचा एक डोस अपाय करत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका:

- सर्दी, बारीक ताप किंवा कुपोषण आहे म्हणून मुलाला परत पाठवणं. कुपोषित मुलाला तर लस आधी.
- ६ ते ९ महिन्यांच्या दरम्यान दिलेला डोस हिशोबात धरणं. तो धरायचा नाही. ९ महिने पूर्ण झाल्यावर नेहमीचे डोस द्यायचेच.
- पातळ केलेली कुपी दिवसभर वापरणं. सहा तासांनी किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा टाकून द्यायची. तोवर २ ते ८ अंशांत, उन्हापासून लांब.

याच वेळी अ जीवनसत्त्व: ६ ते ११ महिन्यांना १ लाख एकक, १२ ते ५९ महिन्यांना २ लाख एकक, गेल्या महिन्यात दिलेलं नसेल तर. दोन्हीची नोंद कार्डावर आणि वहीतही.

लढाई चालू असताना लसीकरण कसं शक्य आहे, हा प्रश्न रास्त आहे. एल साल्वादोरमध्ये १९८५ साली लसीकरणासाठी ठरावीक दिवस लढाई थांबवण्यात आली. गाझात सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिओच्या लशीसाठी ठरावीक भागांत ठरावीक तास मोकळे ठेवले गेले. अशी संधी अचानक आणि थोडक्या वेळासाठी येते. टप्पा १ ची यादी तयार असेल तरच ती साधता येते.

## टप्पा ६: जुलाब, आणि ओआरएसचा कोपरा

पहिला जुलाबाचा रुग्ण यायच्या आधी हा कोपरा मांडून ठेवा: स्वच्छ पाणी, ओआरएसची (क्षार-साखरेच्या भुकटीची) पाकिटं, एक लिटरची खूण केलेलं भांडं, पेले, चमचे, घड्याळ, वही. खूण आधी मोजून करा. 'अंदाजे लिटर' चालत नाही.

पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर शुद्ध पाणी. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं की क्षार जास्त होतात आणि मुलाला अपाय होतो. कालवल्यावर उकळायचं नाही, वरून साखर किंवा दूध घालायचं नाही. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडण्यापेक्षा किंचित कमी पडलेलं बरं. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.

किती पाजायचं? प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्याला १०० ते २००. चमच्याचमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. एका दमात पेला तोंडाला लावला की उलटी होते आणि आई म्हणते, 'याला ओआरएस पचत नाही.'

मूल चिडचिडं, डोळे खोल, तहानेने पेल्यावर तुटून पडतंय, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसतेय, असं दिसलं तर शोष पडायला लागलाय. अशा मुलाला वजनाच्या दर किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस चार तासांत, तुमच्या डोळ्यांसमोर. आठ किलोच्या मुलाला ६०० मिलिलिटर. चार तासांनी पुन्हा तपासा. मूल सुस्त पडलंय, पिऊच शकत नाही, चिमटी दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तशीच राहते, तर सलाइन लागेल. ताबडतोब हलवा आणि वाटेतही चमच्याने पाजत राहा, मूल शुद्धीवर असेल तर.

सलाइन हाच खरा इलाज आणि ओआरएस म्हणजे गरिबाची सोय, असं अजूनही ऐकू येतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांत क्षार-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हातून पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. पाजणारे हात आयांचे आणि नातेवाइकांचे होते.

सोबत झिंकच्या गोळ्या, १० ते १४ दिवस. मात्रा वयानुसार आरोग्य कर्मचाऱ्याकडून. जुलाब थांबले की पालक गोळी बंद करतात, म्हणून पूर्ण पट्टी एकदमच हातात द्या. अंगावरचं दूध आणि खाणं चालू ठेवा. जुलाब बंद करणारी औषधं लहान मुलांना देऊ नका.

सावध: तांदळाच्या धुवणासारखे भसाभस जुलाब, विशेषतः मोठ्या माणसालाही, म्हणजे कॉलरा समजून त्याच तासाला आरोग्य यंत्रणेला कळवा. शीमध्ये रक्त दिसलं तर डॉक्टर. हातापायावर सूज असलेल्या किंवा फार खंगलेल्या मुलाला ओआरएसची मात्रा वेगळी लागते. ती स्वतः ठरवू नका.

## टप्पा ७: श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट

खोकला असलेल्या मुलाला न्यूमोनिया आहे का, हे घड्याळ सांगतं. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, कपडा वर करून, पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. बाळाचा श्वास एकसारखा नसतो. रडत असेल तर थांबा.

- २ महिन्यांखाली: मिनिटाला ६० किंवा जास्त (पुन्हा एकदा मोजून खात्री करा)
- २ ते ११ महिने: ५० किंवा जास्त
- १२ ते ५९ महिने: ४० किंवा जास्त

हा जलद श्वास. त्याला औषध लागतं, आणि ते खोकल्याचं गोड औषध नव्हे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर अधिक गंभीर.

बंद तळघरात जनरेटर, कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर चालू ठेवून झोपू नका. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

## टप्पा ८: दंडाचा घेर

कुपोषण ओळखायला हा घेर ६ ते ५९ महिन्यांच्या प्रत्येक मुलाचा मोजायचा, रंगीत पट्टीने: लाल म्हणजे तीव्र कुपोषण, हिरवा म्हणजे ठीक. डावा दंड, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडलेला. पट्टी कातडीला टेकलेली, पण रुतलेली नको. ओढून मोजली की निरोगी मूलही लाल रंगात जातं. स्वेटरवरून मोजली की आजारी मूल हिरव्यात.

११५ मिलिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११५ ते १२४ मध्यम. त्यानंतर दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून उचला. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती कुपोषणाची सूज, पट्टी हिरवी दाखवत असली तरी. गुबगुबीत दिसणाऱ्या मुलाला यामुळेच 'बरं आहे' म्हणून सोडलं जातं.

तीव्र कुपोषित पण भूक असलेल्या, दुसरा त्रास नसलेल्या मुलाला तयार उपचारात्मक आहाराची पाकिटं देतात. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी असतात. ती आजारी मुलाचं औषध आहे, भावंडांत वाटायचा खाऊ नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा आणि भावंडांच्या जेवणाची सोय आधी करा. नाहीतर ती वाटली जाणारच. सोबत पुरेसं पाणी. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही पाकिटं नाहीत. भूक मेलेली किंवा सूज असलेली मुलं दवाखान्यात.

## टप्पा ९: नवजात बाळ

थोडक्यात. जन्मल्याबरोबर कोरडं करा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, टोपी घाला, पहिल्या तासात पाजा. चीक फेकू नका. पहिली अंघोळ किमान २४ तास नाही. नाळेवर राख, माती, तेल नाही. तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत हवं. थर्मामीटर नसेल तर पावलं हाताने बघा, गार असतील तर बाळ गारठतंय. गरम पाण्याच्या बाटल्या अंगाशी ठेवल्याने भाजल्याचे प्रकार होतात. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी बांधून ठेवणं यापेक्षा सुरक्षित ऊब नाही. आई थकली तर बाबा, आजी, मावशी कुणीही.

## टप्पा १०: कधी हलवायचं, आणि सोबत काय द्यायचं

पुढच्यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका: मूल पिऊ किंवा चोखू शकत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतं, झटके आले, सुस्त पडलंय किंवा जागं होत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचा ताप किंवा अंग गार पडणं, दोन्ही तितकंच गंभीर.

रस्ता बंद आहे, संचारबंदी आहे, हे त्या क्षणी कळून उपयोग नाही. कोणता दवाखाना चालू आहे, कोणत्या वाटेने, कोणाची गाडी, परवानगी कोणाकडून, हे रोज सकाळी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मूल हलवताना आई सोबत जाईलच. मागे राहणाऱ्या मुलांची जबाबदारी कुणाची, ते तिच्यासमोर ठरवा. पिशवीत लसकार्ड किंवा त्याची नक्कल, दिलेल्या औषधांची वेळेसह चिठ्ठी, कालवलेलं ओआरएस, पेला, चमचा, पांघरूण. निवाराच सोडून सगळे पुढे निघत असतील तर हीच पिशवी प्रत्येक बाळाची आदल्या रात्री भरून ठेवा. झिंकच्या उरलेल्या गोळ्या, उपचारात्मक आहाराची पुढच्या आठवड्याची पाकिटं, आणि वरच्या दुधावरच्या बाळाचे डबे त्यातच. यादीची एक प्रत पुढच्या मुक्कामाच्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातात द्या आणि मिळाल्याची सही घ्या.